चार पिनांची वायर

रावपुऱ्यात जिग्नेशभाईंनी
काउंटरखालच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून
सात वायरी बाहेर काढल्या.
सहा चुकीच्या.
सातवीच्या एका टोकाला चार पिना, दुसऱ्याला सहा.
"आ छेल्ली छे, बेन," म्हणाले,
आणि पैसे घेताना थोडे हळहळले.

घरी येऊन कॉम्प्युटरची कूस उघडली.
पंख्यावरची धूळ फुंकली, ती माझ्याच तोंडावर आली.
कार्ड खाचेत दाबलं. स्क्रू एकच सापडला,
एकावर भागवलं.
पडदा म्हणाला: उपकरण सापडलं नाही.
पुन्हा तेच. पुन्हा तेच.
मग लक्षात आलं,
कॅमेऱ्याची चकती अजून 'रेकॉर्ड'वरच होती.
नळ चालू ठेवून दाराशी गेलेल्या माणसासारखी
रघुवीरकाकांनी ती वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती.

काका पलीकडच्या खोलीत.
दर दहा मिनिटांनी विचारतात, "झालं का गं?"
रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्या लग्नाची पन्नाशी,
पडद्यावर बारा मिनिटं दाखवायची.
बाराच. नंतर बासुंदी आहे.

मला वाटलं होतं, फाईल उचलतात तसं उचलून ठेवायचं.
पण टेपला घाई कळत नाही.
तासाची टेप तासच घेते.
पुढे ढकलता येत नाही, झाकण लावून झोपता येत नाही,
समोर बसावं लागतं,
तेरा जीबी भरेपर्यंत.

उत्तरायण. दांडिया बाजारातली गच्ची.
काकांनी पतंग टिपायला जावं
आणि फक्त आभाळ हाती लागावं, असं बराच वेळ.
शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!"
बोटाला चिकटपट्टी लावून फिरकी धरलेली सिंधूकाकू.
मग चित्र डगमगतं, आडवं होतं.
काकांनी कॅमेरा कठड्यावर ठेवला
आणि तो बंद करायला विसरले.

पुढची तेवीस मिनिटं:
तिरपी फरशी, उंधियूच्या पातेल्याचा कान,
अर्धी चप्पल, गुंतलेला मांजा.
आणि दोन बायकांचे पाय.
उजव्या अंगठ्याचं नख काळं ते आईचे,
दळणाचा डबा पडला होता त्या वर्षीचे.

"अर्ज भरलाय मी. नवसारीच्या शाळेचा."
"मग टाक की पोस्टात."
"पर्समध्येच आहे, सिंधूताई. दिवाळीपासून."

नंतर कोणीच बोलत नाही.
तिळगुळाच्या पडलेल्या तुकड्याला एक मुंगी सापडते,
ती जाते, चार घेऊन येते.
आईचा एक पाय दुसऱ्या पायावर चढतो,
घोट्याशी घासतो, उतरतो.
खूप लांबून माझा आवाज:
"आई, याला सांग ना ढील द्यायला!"
मी तेव्हा सतरा वर्षांची,
पिवळ्या पतंगापलीकडे मला काही दिसत नव्हतं.
दोघी हसतात.
"ऊन गेलं," काकू म्हणते, "जलेबी आत घेऊ."
पाय निघून जातात.
फरशी आणखी अकरा मिनिटं चालू राहते.

सुरुवातीला एक रेघ मारली, शेवटी एक.
मधलं उचललं की दोन्ही बाजू आपोआप सरकतात
आणि मिटतात. सांधा दिसत नाही.
बारा मिनिटं बरोबर जमली:
आभाळ, फिरकी, केक.
काढलेल्या तुकड्यासाठी चौकट उघडली,
फाईलला नाव द्या.
'आई' लिहिलं, पुसलं.
'गच्ची' लिहिलं, पुसलं.
मग 'पाय' लिहून ठेवून दिलं,
काकांच्या विजेच्या बिलांच्या फोल्डरात,
जिथे कोणी जात नाही.

टेपच्या डबीवर तारीख आहे, काकांच्या अक्षरात.
कॅमेऱ्याच्या पडद्यावरही कोपऱ्यात दिसत होती.
वायरीतून ती आलीच नाही.

स्वयंपाकघरात आई मटार सोलते आहे.
"मी कुठे दिसते का त्यात?"
"थोडी," मी म्हणते.
"बरं," म्हणते,
आणि पुढची शेंग मोडते.