जड पाणी

पार्जिटरना डन्स्टेबलच्या केअर होममध्ये हलवलं तेव्हा
त्यांच्या मुलीने टाकी माझ्या दारात आणून ठेवली.
तीन फूट लांब, एका कोपऱ्यात सिलिकॉन पिवळा पडलेला,
तळाला काळी माती, वर चार बोटं पाणी,
आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली झाडं,
बाजारातून आणलेल्या अळूच्या जुडीसारखी.
मासे दुसऱ्या कुणी नेले होते. सोबत एक वही.
"झाडं फेकून दिलीत तरी चालेल," लॉर्ना म्हणाली.
गाडी तिने बंदच केली नव्हती.

लूटनचं पाणी जड.
तूरडाळ तीन शिट्ट्यांना दाद देत नाही,
किटलीच्या बुडाशी चुन्याची खपली.
शाळेत ह्यालाच दुष्फेन म्हणायचे, एका मार्काला.

वहीतलं अक्षर उभं, नेटकं,
चाळीस वर्षं मोटारींना दारं बसवणाऱ्या माणसाचं.
'अनुबियासचं खोड मातीत पुरू नये, कुजतं.
दगडाला दोऱ्याने बांधावं.'
बांधलं. ब्लाउजचे हुक शिवायच्या काळ्या दोऱ्याने.
'दिवा सहा तास. जास्त नाही.'
इथे मी ऐकलं नाही.

नोव्हेंबर होता, चारला अंधार.
मी दिवसभर हॉस्पिटलच्या तळघरात
लोकांच्या फासळ्यांचे फोटो काढणारी;
उजेडाचा भाव मला विचारा.
दिवा चौदा तास ठेवला. खताचे थेंबही वाढवले,
नको नको म्हणणाऱ्याच्या पानात
आणखी एक पोळी टाकावी तसे.

पंधरवड्यात काच हिरवी.
पानांच्या कडांना काळी दाढी.
पाण्याला विसरलेल्या फुलदाणीचा वास.
आणि मधलं ते तांबूस क्रिप्टोकोरीन
आठवड्यात विरघळलं.
विरघळलं म्हणजे अक्षरशः:
पान चिमटीत धरावं तर चिमटीत
नुसता बुळबुळीतपणा.

कचऱ्याची पिशवी आणली. हात कोपरापर्यंत बुडवला.
मग कसं कोण जाणे, आधी हात पुसून वही उघडली.
'क्रिप्ट विरघळतं. जागा बदलली, पाणी बदललं, की विरघळतं.
उपटू नये. मुळं बघावीत.
बेरिलने १९९१ साली फेकून दिलं होतं.
तीन दिवस बोललो नाही.'

मुळं पांढरी होती, टणक,
मोड आलेल्या मटकीच्या शेपट्या.
पिशवी घडी घालून पुन्हा खणात.

मग दिवा सहा तास. घड्याळच लावून टाकलं,
माझ्या मायेवर माझा भरवसा नव्हता.
जुन्या टूथब्रशने एकेक पान घासलं.
रविवारी दोन बादल्या पाणी बाहेर, दोन आत;
बाहेरचं खिडकीतल्या कढीपत्त्याला,
जो इथे जगत नाही आणि मरतही नाही.
गोगलगायी आल्या, न बोलावता. राहू दिल्या.
उरलेला वेळ हात टाकीबाहेर ठेवायचा.
एवढं कठीण काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत जॅमच्या बरणीत अनुबियासचा तुकडा घेऊन
डन्स्टेबलला गेले. ओळखलं नाही त्यांनी.
"सकाळची गोळी झाली," म्हणाले, मला नर्स समजून.
मग बरणीत बोट घातलं,
अंगठ्यावर चोळलं, बराच वेळ,
कापड पारखावं तसं.
"जड आहे. तिसरा हिस्सा पावसाचं घाला.
आणि बेरिलला सांगा, पिंपाचं झाकण उघडं ठेव म्हणावं."
सांगते, म्हटलं.

आता शेडच्या पन्हळीखाली निळं पिंप आहे.
टाकीत, मातीतून, नखाएवढं पान वर आलंय:
आधीच्यांपेक्षा अरुंद, रंगही तो नाही.
वहीत पुढची पानं कोरी होती. मी तारीख घातली,
आणि त्यापुढे काय लिहावं ते सुचेना.

बाहेर भुरभुर चालू आहे.
झाकण उघडं आहे ना,
रात्री एकदा उठून बघते.