कुत्र्याला वळसा

एका डब्यात लाल, एका डब्यात पांढरा.
दर पन्नास पावलांवर एक पट्टा,
जिथे वाट फुटते तिथे दोन.
नियम एवढाच. मे महिना, वोरोतानच्या दरीत
गवत गुडघ्यापर्यंत, आणि माझ्या हातातल्या यंत्रात
निळी रेघ, सरळ,
कारुत ते तुतावान, सव्वाचार किलोमीटर.

"सव्वाचार काय?" श्मावोन म्हणाला,
"दोन सिगारेटी आणि एक चढ."

तीस वर्षं टपाल वाहिलं त्यानं या गावांत.
गावं उठून वर पठारावर गेली तेव्हाही
वर्षभर पत्रं खालच्याच पत्त्यावर येत राहिली,
आणि हा ती खाली नेऊन
कुलूप नसलेल्या दारांना दाखवून
पुन्हा वर आणायचा.
पत्त्याचा मान, म्हणतो.

आता आम्हाला हवी होती त्याच्या पायांची साक्ष.
कार्यालयाचं पत्र होतं तसं: वाट जुनीच हवी.
लोक जुन्या वाटेचे पैसे देतात.

तर तो पुढे, मी मागे,
त्याची काठी कुठे टेकते ते बघत.
ओढ्यापाशी एक पट्टा.
क्रूस कोरलेल्या शिळेवर नाही, तिच्या शेजारच्या धोंड्यावर.
भुईसपाट झालेली गिरणी, तिथे एक.
मग तुतावानची पहिली भिंत,
आणि श्मावोन एकदम उजवीकडे वळला,
काटेरी झुडपांतून, उतारावरून, मोठ्ठा अर्धगोल,
जणू समोर काहीतरी बसलंय.

समोर काही नव्हतं.

"चालो," तो म्हणाला. "पारांझेमचा कुत्रा.
वासराएवढा. कान कापलेले."
पँट वर करून पोटरी दाखवली:
चार पांढरे ठिपके, एकाहत्तर सालचे,
तिनं तुतीच्या दारूनं धुतलेले.

चालो मेला त्याला किती वर्षं झाली,
पण वाटेला ते कुणी कळवलं नाही.
आधी पोरं वळसा घालत, मग शेळ्या,
मग शेळ्यांमागची माणसं, ज्यांनी कुत्रा पाहिलाच नव्हता.
पावसाचं पाणी त्याच खाचेतून उतरलं,
खाच खोल झाली,
आणि खोल झाली म्हणजे खरी झाली.

तो झऱ्यावर पाणी प्यायला गेला तेव्हा
मी भिंतीपाशी गेलो.
कडी अजून होती. कडीला साखळी,
गंजून गवतात निजलेली.
उचलली. ताणत ताणत
वाटेच्या दिशेनं चाललो.

पुरली नाही.
सात पावलं कमी पडली, मोठी सात.
सरळ वाट घराच्या मागून जाते,
जिथे भिंतीला डोळा नाही.
वळसा जातो पुढून, तुतीखालून,
दोन खिडक्यांसमोरून, सावकाश,
कारण तिथला उतार भरभर पाय टाकू देत नाही.

श्मावोन परतला. मिशांना पाणी.
माझ्या हातातली साखळी पाहिली,
मग नदी पाहिली.
"तेव्हा लांब होती," म्हणाला.

लोखंड आटत नाही, हे मी म्हणालो नाही.
निळी रेघ पुसली.
तुतीच्या बुंध्यावर लाल, त्याखाली पांढरा,
इतर ठिकाणी देतो त्याहून जरा जास्त वेळ देऊन,
कडा सांभाळून.

जूनच्या अखेरीस ल्योंची एक बाई भेटली,
पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, ओठांवर तुतीचा डाग.
वाट इथे अशी का वळते, तिनं विचारलं.
कुत्रा आहे, मी म्हटलं.

तिनं भिंतीकडे पाहिलं,
काठी घट्ट धरली,
आणि गेली
पुढून, सावकाश,
दोन खिडक्यांसमोरून.