पूर्व भाग

दत्तनगरातल्या शेडमधले माग भंगारात गेले,
फरशीत बोल्टची भोकं राहिली
आणि तेलाचे डाग, जे सोड्यानंही निघत नाहीत.
तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेपाचला,
सबा तांबोळी आम्हाला पोट शिकवते.

पहिल्या दिवशी मी पोट आत घेऊन उभी.
चव्वेचाळीस वर्षं आतच घेत आलेय.
सोडा, ती म्हणाली.
मला वाटलं ओढणी.
ती म्हणाली, श्वास.

नाण्यांचा पट्टा नव्हता.
कारखान्यातला टॉवेल बांधला,
एक्स्पोर्टमधून नापास झालेला, एका कडेचा धागा सुटलेला.
बागलकोटे मॅडमनी त्याला लेकीच्या जुन्या पैंजणांचे घुंगरू शिवून दिले.
बँकेत असतात त्या. म्हणाल्या, आवाज आला पाहिजे,
त्याशिवाय हिशोब लागत नाही.

कमरेनं आठ काढा, सबा म्हणाली.
माझ्या कमरेनं काढला तो नगरपालिकेच्या शाळेतला,
८,
एका बाजूनं उघडाच राहिलेला.
इंग्रजी आठ, ताई. निघाला तिथं परत येतो तो.

आमच्याकडे पोटात काय काय घालतात.
अपराध घालतात. गोळा येतो.
शेजारणीनं गाडी घेतली की दुखतं.
त्याच पोटाला चिमटा घेऊन आईनं माझी फी भरली,
हजार विड्या दिवसा, रात्री आणखी दोनशे.
पोटाला नाच असतो
हे कुठल्याच म्हणीत नव्हतं.

आणि अवघड हलणं नाहीच.
अवघड आहे उरलेल्यानं न हलणं.
डावी बाजू वर जायला लागली
की खांदा मध्येच बोलतो,
हनुवटी साक्ष द्यायला येते.
नाना मागावर सांगायचे, उभं सूत ताणून गप्प राहतं
म्हणून धोटा पळतो.
तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

शेजारच्या शेडमध्ये अजून सोळा माग आहेत.
सबाच्या स्पीकरात दुम तक, तक दुम तक,
भिंतीपलीकडून खडखट खडखट खडखट.
पहिला महिना मी चादरीच्याच ठेक्यावर नाचले.

नणंद म्हणाली, हे बघायचं असतं गं, करायचं नसतं.
कुणी बघायचं, मी विचारलं,
म्हणजे घरी येऊन, भांडी घासताना.

सबा हे मस्कतला शिकली,
एका इजिप्शियन बाईची मुलं सांभाळता सांभाळता.
पोटाचं नाव बाहेरून बघणाऱ्यांनी दिलं, ती म्हणते.
तिकडं म्हणतात रक्स शर्की. पूर्वेचा नाच.
मग आमचाच की, मी म्हटलं, पूर्व भागातला.
सगळ्या हसल्या. बागलकोटे मॅडम तर खाली बसल्या.
मी ते अगदीच गमतीनं म्हटलं नव्हतं.

काल आईनं पाहिलं.
ती उंबऱ्याशी, मांडीवर सूप.
उभ्या जन्मात तिची फक्त बोटं नाचली,
बाकी सगळं सुपाखाली.
मी गॅसपाशी शेंगा भाजत होते, चटणीला,
आणि सहज एक लाट सोडली, बरगडीपासून खाली.
टाक्यांच्या व्रणापाशी ती थोडी अडखळते,
मग जाते.

नोप्पी लेदा? आईनं विचारलं. दुखत नाही?
नाही, म्हटलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं.
उठली. भिंतीला हात टेकून
उभी राहिली बराच वेळ, माठाकडे न जाता.
लुगड्याआड काही हललं असेल
तर मला दिसलं नाही.
शेंगा एका बाजूनं करपल्या.