आठ गुणिले बेचाळीस

पहिली शुक्रवारी बाजारातली, चारशे रुपयांची.
तिसऱ्या पावसाळ्यात भिंगाला आतून बुरशी आली
आणि व्याधाच्या ताऱ्याला दाढी फुटली.

म्हणून आज रावपुऱ्यात, अरुंद जिना चढून,
पिनाकीनभाईंच्या दुकानात.
काउंटरवर सहा दुर्बिणी
घुबडांसारख्या माझ्याकडे बघत.

मी सगळ्यात मोठी उचलली.
"वीस पट!"
"हाताचा कंपही वीस पट, गुप्तेबेन."
खिडकीतून टॉवरच्या घड्याळावर रोखली.
काटे उड्या मारत होते,
वेळ मात्र जागच्या जागी.

"वय?"
तीस वर्षं बँकेत मी हे लोकांना विचारलं,
रकान्यात भरलं.
मला विचारलेलं आवडलं नाही.
"बासष्ट."
"मग अंधारात तुमची बाहुली
पाच मिलिमीटरच्या वर उघडायची नाही.
साताची घेऊन
दोनाचा उजेड गालावर सांडायचा कशाला?"

डोळ्यातल्या बाहुलीला वय असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
गुडघ्यांचं माहीत होतं. केसांचं तर सगळ्या गल्लीला.
ती मात्र आत बसून, मुकाट्याने,
दरवर्षी केसभर दार लोटत आली
आणि मी म्हणत राहिले,
हल्ली शहरात दिवेच फार.

बेचाळीस भागिले आठ.
वडिलांनी छडी घेऊन पाठ करवलेली पावकी
बँकेत कधी लागली नाही, इथे लागली:
सव्वापाच.
एवढं माझं दार. एवढाच उजेड घ्यावा.

मग त्यांनी पारख शिकवली.
हातभर लांब धरा, काचेत उजेडाची टिकली दिसेल,
ती गोल हवी, कड कापलेली नको.
बिजागरी लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी,
फिरावी, पण आपणहून नव्हे.
आत कोरडा नायट्रोजन कोंडलेला,
बुरशीला घोटभर ओल मिळू नये म्हणून.
आता तारेवरचं कबुतर बघा.
एक आहे की दोन?
दोन नळ्यांचं एकमेकींशी पटत नसेल
तर दहा मिनिटांत डोकं दुखतं.
"अनुभव आहे," मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

"टिकेल किती?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बिलाकडे.
"पाडली नाहीत तर… टिकेल."
मधला शब्द त्यांनी गिळला.
तो मला दुर्बिणीशिवाय दिसला.

रात्री गच्ची.
रिफायनरीच्या बाजूला आभाळ गुळाच्या रंगाचं,
डोक्यावर कृत्तिका, एरवी बोटाने पुसल्यासारखा डाग.
मोजायला घेतल्या.
चौतिसाव्या ताऱ्याशी माझाच श्वास लागून काच धुकटली.
पुन्हा एकपासून.

दिवसा ती खिडकीत असते.
बसचा नंबर. लिंबावरचा शिंजीर.
काल समोरच्या तिसऱ्या मजल्यावर
कल्पेशच्या गॅसवर दूध चढताना दिसलं.
सांगावं, तर कसं दिसलं तेही सांगावं लागेल.
उतू गेलं बिचारं.

आज सकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर थांबले.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
जबडा उघडा टाकून ऊन खात.
चिकूवाला म्हणाला, "बेन, जरा मला."
दिली.
त्याने पाहिलं आणि पुलावर उभा असूनही
एक पाऊल मागे सरला.
मग दोन्ही हातांनी परत केली,
पट्टा स्वतः माझ्या गळ्यात घातला
आणि वर दोन चिकू.

या गडबडीत चार टोपणांपैकी एक
कठड्यावरून नदीत गेलं.
वीस वर्षं जपायची वस्तू, आठवा दिवस.
मी दुर्बीण डोळ्यांना लावली
आणि ते मगरीच्या शेपटीजवळून
तरंगत जाताना पाहिलं,
आठ पट जवळून.