पंचनामा

मक्याच्या चार ओळी सोडून पाचवीत
एक्केचाळीस झाडं होती. मी मोजली.
उंची कमरेपासून खांद्यापर्यंत,
मुळासकट, माती झटकून, ओलं वजन
अठरा किलो तीनशे.
पंच म्हणून खाली माझी सही.

गुलाब शिंगाडे जीपमध्ये चढला तेव्हा
त्याचा बाप माळेचे मणी चाचपत उभा होता,
आणि म्हसवडचा सगळा बाजार म्हणाला,
तुळशीत भांग.

नऊ वर्षं झाली. त्याच माळाला आता तारेचं कुंपण,
कॅमेरा, परवान्याचा नंबर रंगवलेली पाटी.
‘औषध व संशोधनासाठी’, असं खाली बारीक अक्षरात.
पुण्याहून आलेली पोरगी पानं पाकिटात भरते,
नशेचा अंश जास्त निघाला तर सगळं जाळायचं,
हे ती मीठ जास्त झालं
अशा सुरात सांगते.

पाणी द्यायला रोजंदारीवर गुलाब.
नर कुठला, मादी कुठली,
तिला भिंग लागतं.
हा बांधावरनंच सांगतो.

काल मोजणी झाली. गावातला एक माणूस हवा म्हणून
मला बोलावलं. रजिस्टरात हात आपसूक
लिहून गेला : मुद्देमाल.
खोडलं. लिहिलं : पीक.
खाडाखोड चालत नाही, साहेब म्हणाले,
नवं पान घ्या.

गुलाबनं पाइप उचलून पुढच्या वाफ्यात टाकला.
“आन् ते जुनं पान, गुरुजी?
वडूजला अजून तारखा पडत्यात.”