आतली तारीख

नवा कॉम्प्युटर मुजम्मिलनं टेबलावर मांडला
तेव्हा त्याला आवाजच नव्हता.
जुना बटण दाबलं की गिरणीसारखा घुमायचा,
अख्ख्या देगलूर रोडला कळायचं
प्रेस उघडली.

नव्यावर मी एक जुनी फाईल उघडून पाहिली
तर टोप्या घातलेले इंग्रजी ओ, टिंबं,
मध्येच एखादं डॉलरचं चिन्ह.
पंचवीस वर्षांची लग्नं, बारशी, गोडजेवणं,
सरपंचाच्या पॅनेलची पत्रकं,
सगळ्यांचा असा भुगा.
"अक्षरं गेली नाहीत, काका," मुजम्मिल म्हणाला,
"ह्याला ती वाचता येत नाहीत."

मग दोन दिवस खपून त्यानं
नव्याच्या पोटात जुनी विंडोज बसवली.
पडद्यावर एक चौकट,
चौकटीत ती हिरवी टेकडी,
उदगिरात एवढं हिरवं मी श्रावणातही पाहिलं नाही.
चौकटीबाहेर आजची तारीख.
आत कायम सतरा मार्च दोन हजार तीन.
फॉन्टच्या पॅकेजची मुदत त्याच साली संपलेली,
पुढचा दिवस दिसला की ते दातखीळ बसल्यागत गप्प होतं,
म्हणून रोज सकाळी घड्याळ मागं.
चोरी म्हणा हवं तर.

उर्मिलाबाई आल्या तेव्हा लाईट नुकतीच आली होती.
पेन्शनच्या कागदांना लग्नाचा पुरावा पाहिजे,
पत्रिका चालंल म्हणाले साहेब,
घरातली वाळवीनं खाल्ली.
"तुमच्याकडंच छापली होती. निघती का बगा की."

नवऱ्याचं नाव विचारलं
तर आधी डेपो सांगितला, मग टोकन नंबर,
मग व्यंकट.

निघाली. मोराची बॉर्डर,
कोपऱ्यात मामाच्या लग्नाला बोलावणारी भाचरं,
उर्मिलाचा रफार मिच्या डोक्यावर, जागच्या जागी.
त्या एका रफारासाठी त्यांचे वडील
हेरहून दोनदा सायकलवर प्रूफ बघायला आले होते.
अकरा मेचं लग्न.
आतल्या तारखेनं अजून व्हायचंच होतं.

आणि वर जाड टाइपात: चि. व्यंकट.

कर्सर त्या चि.पाशी कसा गेला मला ठाऊक नाही.
खोडून तिथं कै. टाकणं
माझी बोटं झोपेतही करतात,
आठवड्याला चारदा तरी.
उर्मिलाबाई खांद्यामागून वाचत होत्या.
"ऱ्हाऊ द्या ते," म्हणाल्या,
"त्या तारखेला होतेच की."

नव्या प्रिंटरला चौकटीतलं काही दिसत नाही.
पानाचं चित्र करायचं, चित्र बाहेर आणायचं,
मग छापायचं.
चित्राचं एक बरं,
त्यात नंतर कुणाला काना-मात्रा बदलता येत नाही.

पाच प्रती. मी वीस रुपये म्हणालो,
त्यांनी पन्नासची नोट ठेवली आणि
कागद उजेडाकडं धरून मुहूर्त वाचला,
दुपारी बारा वाजून एकवीस मिनिटं.

"लागलं तीनला," म्हणाल्या.
"वऱ्हाडाचा टेम्पो पंक्चर.
अन् नवरदेव मेकॅनिक.
मुंडावळ्या कानामागं टाकून
चाक बदलत बसला होता."