खाली बघू

वर एक मजला चढवायचा आहे.
नकाशा फ्रिजवर लागलाय,
खिडकी कुठे, लेकीचं टेबल कुठे,
सगळं ठरलंय.
हिल्के म्हणतो, आधी खाली बघू.

झानदामच्या त्या स्वयंपाकघरातल्या
चार फळ्या उचकटल्या.
काळी, चिकट माती. बादलीमागून बादली
चित्स्के कोबीच्या वाफ्यावर ओतते.

कमरेएवढं खणल्यावर
एक लाकडी डोकं दिसलं.
शंभर वर्षांपूर्वी कुणी ठोकलेला स्प्रूसचा खांब;
त्यावर भिंत, भिंतीवर छप्पर,
छपराखाली तिचं एक बाळंतपण, एक घटस्फोट,
आणि तो जुना पियानो, जो कुणालाच हलवता येत नाही.
खांबाच्या डोक्याखाली, वीतभर अंतरावर, पाणी.

हिल्के गुडघ्यावर बसून दाभण टोचतो.
लोण्यात गेल्यासारखा आत जातो,
मग अडतो.
"अठरा मिलिमीटर," तो वहीत लिहितो.
"बुडालेला होता तोवर ठणठणीत होता.
उन्हाळे कोरडे गेले, पाणी उतरलं,
डोक्याला हवा लागली."

तिला आजवर वाटायचं,
लाकूड पाण्यानं कुजतं.

कुंपणापलीकडून म्हातारा व्हिब्रांट विचारतो,
"काय निघालं?"
दोन्ही घरांमधली भिंत एकच.
ती बादली खाली ठेवते.
"मोजतोय अजून."

रात्री लेक खड्ड्यात टॉर्च मारते.
"एवढंसं? आणि यावर आपण झोपतो?"

चित्स्के फ्रिजवरचा नकाशा काढत नाही.
फक्त चुंबक उचलून
थोडा खाली लावते.